मोफत व्याख्यानांतून विद्युत आणि चुंबकत्व कसे शिकावे

विद्युत आणि चुंबकत्व हा विषय शिकवणारी विद्यापीठांतली संपूर्ण व्याख्याने आज कोणालाही घरी बसून, एक पैसाही न देता ऐकता येतात. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी खुले करण्याचा निर्णय २००१ मध्ये जाहीर केला. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल हा मोफत व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. त्यामुळे साहित्य कोठे मिळेल, हा प्रश्न आता उरलेला नाही. जो उरला आहे तो अधिक अवघड आहे: आपण ऐकले ते खरोखर समजले, की नुसते ओळखीचे झाले, हे घरी एकट्याने बसून शिकणाऱ्याने कसे ठरवायचे?

याच विषयात हा प्रश्न विशेष टोचतो, त्याला कारण आहे. यामिकी शिकताना चेंडू, उतरण, दोरी, कप्पी या वस्तू डोळ्यांसमोर असतात आणि चुकीचे उत्तर आले तर अनुभवच आपल्याला हटकतो. विद्युतक्षेत्र मात्र कोणी पाहिलेले नसते. शिक्षक फळ्यावर बाण काढतात, आपण मान डोलावतो, आणि पाठ संपल्यावर बाणांची आकृती आठवते पण तो बाण तेथेच आणि त्याच दिशेने का, हे सांगता येत नाही. मी पहिल्या प्रयत्नात एका मालिकेतली अकरा व्याख्याने ओळीने ऐकली होती आणि प्रत्येक वेळी विषय समजल्याचे समाधान घेऊन उठलो होतो. नंतर गाऊसच्या नियमावरचे एक साधे उदाहरण हाती घेतले तेव्हा पहिली ओळसुद्धा लिहिता आली नाही. पुढे जे सांगितले आहे ते त्या अनुभवानंतर, दुसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात करताना बसवलेल्या पद्धतीवर आधारलेले आहे.

आधी लागणारे गणित

व्याख्यानाला हात घालण्यापूर्वी साधारण दोन आठवडे गणितासाठी ठेवावेत. त्यात फार काही लागत नाही, पण जे लागते ते हातात बसलेले असावे लागते. सदिशांची बेरीज व त्यांचे घटक, दोन सदिशांचा अदिश गुणाकार व सदिश गुणाकार, साध्या फलांचे विकलन, आणि संकलन म्हणजे असंख्य लहान तुकड्यांची बेरीज ही कल्पना, इतकी शिदोरी पुरते. संकलनाची सूत्रे पाठ असणे आणि त्याचा हा अर्थ मनात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयात दुसरी अधिक उपयोगी पडते. गणित कच्चे असेल तर खान अकॅडमीचे छोटे पाठ यासाठी चांगले आहेत, कारण ते थोडक्यात सांगून लगेच सराव करून घेतात.

तयारी झाली की नाही हे तपासण्यासाठी एक उदाहरण देतो. एका गोल कड्यावर सर्वत्र सारखा प्रभार पसरलेला आहे, तर कड्याच्या मध्यातून जाणाऱ्या अक्षावर विद्युतक्षेत्र किती असेल? कड्याचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकाचे क्षेत्र लिहावे, अक्षाला लंब असलेले घटक समोरासमोरच्या तुकड्यांमुळे एकमेकांना रद्द करतात हे पाहावे आणि उरलेल्या घटकांची बेरीज करावी. उत्तर आल्यावर लगेच पुढे जाऊ नये. मध्यबिंदूवर क्षेत्र शून्य येते का? खूप दूर गेल्यावर कडे एखाद्या बिंदूप्रभारासारखे वागते का? मध्यावर शून्य आणि अनंतावरही शून्य असेल तर मधे कोठेतरी क्षेत्र सर्वाधिक असलेच पाहिजे. ते ठिकाण विकलनाने काढले तर कड्याच्या त्रिज्येला दोनच्या वर्गमुळाने भागून येणाऱ्या अंतरावर मिळते. उत्तराला असे टोकांवर नेऊन तपासण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी. वर्गात चूक दाखवायला शिक्षक असतात, घरी ते काम ही सवय करते.

एकच मालिका धरावी

मोफत साहित्याची विपुलता हाच नवख्या विद्यार्थ्यापुढचा मोठा अडसर असतो. एका मालिकेत गाऊसचा नियम अवघड वाटला की मनुष्य दुसरी उघडतो, तीत तो पुन्हा पहिल्यापासून ऐकतो, आणि महिनाभराने दोन प्रभारांमधल्या बलाचा कूलॉमचा नियम चार जणांकडून ऐकून झालेला असतो, पण पुढे काहीच गेलेले नसते. म्हणून एक मालिका मुख्य धरावी, आणि दुसरी फक्त अडल्यावर, त्या एका मुद्द्यापुरती उघडावी.

बारावीचे गणित झालेल्याला मी येल विद्यापीठाची मालिका सुचवतो. आयआयटी मद्रासमधून अभियांत्रिकी शिकून पुढे भौतिकशास्त्राकडे वळलेले राममूर्ती शंकर यांनी २०१० मध्ये शिकवलेला हा अभ्यासक्रम पंचवीस व्याख्यानांचा आहे. त्यातली सुमारे पंधरा व्याख्याने विद्युत, चुंबकत्व, मंडले आणि विद्युतचुंबकीय तरंग यांवर आहेत, आणि पुढची प्रकाश व पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) यांकडे जातात. प्रत्येक व्याख्यान सव्वा तासाच्या आसपासचे आहे. शंकर फळ्यावर एकेक पायरी लिहीत जातात, त्यामुळे त्यांच्याबरोबर वहीत लिहिता येते. आणि व्याख्यानाचा शब्दशः लेखी मजकूरही मिळत असल्याने इंग्रजी उच्चार निसटला तर तो वाचून घेता येतो. उदाहरणांसाठी मात्र एमआयटीच्या खुल्या साठ्यातला ८.०२ या क्रमांकाचा अभ्यासक्रम जोडीला ठेवावा, कारण त्यात टिपणे, गृहपाठ आणि उत्तरांसह जुन्या परीक्षा असा भरपूर सराव आहे. ज्यांना हिंदीतून ऐकणे सोपे जाते त्यांच्यासाठी आयआयटी कानपूरचे माजी प्राध्यापक हरीशचंद्र वर्मा यांचे पदवी पातळीवरचे मोफत पाठ आहेत.

शाळा सोडून बरीच वर्षे झालेल्यांनी थेट विद्यापीठाच्या व्याख्यानाकडे जाऊ नये. त्यांनी बालभारतीच्या आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतले विद्युतधारेचे पाठ आणि नंतर एनसीईआरटीच्या बारावीच्या भौतिकशास्त्राचा पहिला भाग वाचावा. दोन्ही पुस्तके अधिकृत संकेतस्थळांवरून मोफत उतरवून घेता येतात.

ऐकण्याची रीत

सव्वा तासाचे व्याख्यान सव्वा तासात ऐकून संपत असेल तर ते ऐकले गेलेले नाही, असे मी धरतो. मला एका व्याख्यानाला तीन तास लागतात आणि तेवढाच वेळ त्यावरची उदाहरणे सोडवण्यास लागतो, म्हणजे नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्याला एकच व्याख्यान नीट होते. या वेगाने विद्युत आणि चुंबकत्वाच्या पंधरा व्याख्यानांना, गणिताची तयारी धरून, चार ते पाच महिने लागतात. हा काळ जास्त वाटला तरी कॉलेजातही या विषयाला एक सत्र जातेच.

रीत साधी आहे. शिक्षकांनी प्रश्न मांडला की चित्रफीत थांबवावी आणि उत्तराचा अंदाज वहीत लिहून ठेवावा. आकडा सांगता आला नाही तरी दिशा लिहावी, वाढेल की घटेल हे लिहावे. मग पुढे ऐकावे. अंदाज चुकला तर त्या पानावर खूण करावी, पण खोडू नये, कारण आपला गैरसमज नेमका कोठे आहे हे सांगणारा पुरावा तोच असतो. व्याख्यान संपल्यावर, त्याच दिवशी झोपण्यापूर्वी, चित्रफीत आणि वही दोन्ही बंद करून कोऱ्या कागदावर मुख्य सूत्राची सिद्धता पुन्हा मांडून पाहावी. जेथे पेन अडते तेवढाच भाग पुन्हा ऐकावा. गृहपाठाच्या उदाहरणावर किमान वीस-पंचवीस मिनिटे झटल्याखेरीज उत्तर पाहू नये, आणि पाहावे लागले तर दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण न पाहता पुन्हा सोडवावे. वाचलेले उत्तर स्वतःचे झाले आहे की नाही, हे त्याशिवाय कळत नाही.

नेटवर्क भरवशाचे नसेल तर व्याख्याने एकदाच उतरवून ठेवावीत. कमी दर्जाची चित्रफीतही फळा वाचण्यास पुरते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी दोन शब्द

दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला विज्ञान शाखेत गेलेल्या विद्यार्थ्याला या विषयाची भीती वाटते ती पुष्कळदा शब्दांची असते. विषयाची ओळख त्याला झालेली असते, फक्त नावे बदलतात. चार्ज म्हणजे प्रभार, करंट म्हणजे धारा, पोटेन्शियल म्हणजे विभव, रेझिस्टन्स म्हणजे रोध, इंडक्शन म्हणजे प्रवर्तन, आणि सोलेनॉइड म्हणजे दहावीच्या पुस्तकातले नालकुंतल. वहीच्या शेवटच्या पानांवर अशा जोड्या लिहीत जाव्यात आणि प्रत्येक जोडीपुढे एक वाक्य स्वतःच्या मराठीत लिहावे. मराठी विश्वकोशातल्या नोंदीही वाचण्यासारख्या आहेत, मात्र तेथे परिभाषा थोडी वेगळी आढळते. बालभारतीच्या विभवाला विश्वकोशात वर्चस् म्हटलेले दिसेल. शब्द कोणताही घ्यावा, पण आपल्या वहीत एकच ठेवावा. एखादी कल्पना धाकट्या भावाला किंवा आईला मराठीतून सांगता आली तर ती समजली आहे असे मानण्यास हरकत नाही.

कोठे थांबून वेळ द्यावा

सर्व प्रकरणे सारखी नसतात. कूलॉमचा नियम, रोधांची जोडणी, धारित्रांची (कपॅसिटरची) जोडणी यांत वेळ घालवण्याची गरज नाही. पुढील चार-पाच जागी मात्र मुद्दाम रेंगाळावे.

पहिली जागा म्हणजे गाऊसचा नियम. बंद पृष्ठातून बाहेर पडणारा एकूण विद्युत फ्लक्स, म्हणजे त्या पृष्ठातून जाणाऱ्या क्षेत्राचे एकूण माप, आतल्या प्रभारावर अवलंबून असतो, हे वाक्य पाठ होते आणि त्यातून दोन चुका घट्ट बसतात. एकूण फ्लक्स शून्य आला की क्षेत्रही शून्य असे विद्यार्थी समजतो. परंतु समान क्षेत्रात ठेवलेल्या रिकाम्या घनातून जेवढे आत येते तेवढेच बाहेर जाते, म्हणून फ्लक्स शून्य असतो आणि क्षेत्र मात्र जसेच्या तसे असते. दुसरी चूक अशी की या नियमाने कोणतेही क्षेत्र काढता येते असे वाटते. नियम सर्वत्र खरा आहे, पण त्यातून क्षेत्र सहज निघते ते गोल, लांबच लांब दंडगोल आणि अमर्याद सपाट पृष्ठ अशा सममितीच्या ठिकाणीच. एक मीटर लांबीच्या प्रभारित काठीजवळचे क्षेत्र गाऊसच्या नियमाने काढण्याचा प्रयत्न करून पाहावा आणि तो नेमका कोणत्या ओळीवर अडतो ते लिहून ठेवावे. यशस्वी उदाहरणापेक्षा हा अडलेला प्रयत्न अधिक शिकवतो. घनाच्या एका कोपऱ्यावर बिंदूप्रभार ठेवला तर घनातून किती फ्लक्स जाईल, हा प्रश्नही सोडवावा. तसेच आणखी सात घन कोपऱ्याभोवती रचले की प्रभार पूर्ण वेढला जातो, म्हणून एका घनाच्या वाट्याला एकूण फ्लक्सचा आठवा हिस्सा येतो, आणि हे उत्तर संकलनाचे चिन्हही न लिहिता मिळते.

विभव ही दुसरी जागा. येथे दोन चित्रे शेजारी काढावीत. एकात समान अंतरावर एक धन व एक तेवढाच ऋण प्रभार, दुसऱ्यात दोन सारखे धन प्रभार. पहिल्या चित्रात मध्यबिंदूवर विभव शून्य आहे पण क्षेत्र शून्य नाही, दुसऱ्यात क्षेत्र शून्य आहे पण विभव शून्य नाही. एखाद्या जागेची उंची आणि तेथला उतार या जशा वेगळ्या गोष्टी, तसेच हे आहे. सह्याद्रीच्या पठारावर उंची भरपूर असते आणि उतार जवळपास नसतो. घाटाच्या पायथ्याशी चढ सुरू होतो तेथे उंची थोडी पण उतार तीव्र असतो. फेट या कोलोरॅडो विद्यापीठाच्या मोफत संग्रहात प्रभार आणि क्षेत्रे यांचे एक आभासी साधन आहे, त्यात ही दोन्ही चित्रे मांडून समविभव रेषा, म्हणजे सारखे विभव असलेले बिंदू जोडणाऱ्या रेषा, काढाव्यात. फेटची अनेक साधने मराठीतही उपलब्ध आहेत.

स्थिर विद्युतसाठी घरी चिकटपट्टीचे दोन तुकडे पुरतात. टेबलावर चिकटवून झटक्याने उपटले की ते एकमेकांना दूर ढकलतात. हा प्रयोग हिवाळ्यात करावा. पावसाळ्यात, आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत तर बहुतेक वेळा, पृष्ठभागावर बसलेल्या ओलाव्याच्या पातळ थरातून प्रभार निसटून जातो आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो.

धारेच्या प्रकरणात एकच हिशोब न चुकता करावा. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असेल तर इलेक्ट्रॉन सरासरी किती वेगाने सरकतात? एका घनमीटर तांब्यातल्या मुक्त इलेक्ट्रॉनांची संख्या ८.५ गुणिले दहाचा अठ्ठाविसावा घात इतकी धरली, की उत्तर सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर येते. एक मीटर अंतर कापायला जवळपास पावणेचार तास. मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? या प्रश्नावर एक संध्याकाळ घालवावी, कारण तारेतून वेगाने धावते ते क्षेत्र, इलेक्ट्रॉन नव्हे, ही गोष्ट येथे समजली तर शेवटची व्याख्याने सोपी जातात.

चुंबकत्वाची सुरुवात १८२० मध्ये ओर्स्टेडने केलेल्या निरीक्षणापासून होते (धारा वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते) आणि ते निरीक्षण आपल्याला घरी, मोजून करता येते. होकायंत्र टेबलावर ठेवावे, सुईच्या वर एक सेंटिमीटर अंतरावर तार उत्तर-दक्षिण दिशेने ताणून धरावी, आणि दीड व्होल्टचा एक मोठा सेल, दीड ओहमचा पाच वॅटचा रोधक व मल्टिमीटर अशी जोडणी करून थोडा वेळ धारा सोडावी. परतीची तार होकायंत्रापासून दूर ठेवावी. सेलच्या अंतर्गत रोधामुळे धारा एक अँपिअरपेक्षा काहीशी कमी मिळते, म्हणून ती मोजूनच घ्यावी. सरळ तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र धारेच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि एक अँपिअर धारेमुळे एक सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्ला क्षेत्र निर्माण होते. मुंबईच्या परिसरात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक ३८ मायक्रोटेस्लांच्या आसपास आहे. दोन्ही क्षेत्रे एकमेकांना लंब असल्याने सुई २७-२८ अंशांनी वळली पाहिजे. सुई किती वळेल हे आधी कागदावर काढावे आणि मगच धारा सोडावी. मोबाइलमध्ये चुंबकीय संवेदक असेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने तयार केलेले फायफॉक्स हे मोफत ॲप हीच मोजणी मायक्रोटेस्लांत दाखवते. या प्रयोगात मोबाइलची किंवा अन्य लिथियम बॅटरी वापरू नये, आणि भिंतीतल्या प्लगला तर कोणत्याही घरगुती प्रयोगात हात लावू नये.

हेच सूत्र आपल्या इतिहासातल्या एका घटनेला लावून पाहण्यासारखे आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले तेव्हा त्या नोंदी बिघडणार हे उघड झाले, म्हणून अलिबागला अचुंबकीय सामग्री वापरून नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन मग काम अलिबागला नेण्यात आले आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. आता हिशोब करावा. शंभर अँपिअरची एकेरी धारा शंभर मीटरवर ०.२ मायक्रोटेस्ला, म्हणजे २०० नॅनोटेस्ला क्षेत्र देते. पृथ्वीच्या क्षेत्रात शांत दिवशी होणारा चढउतार साधारणपणे शंभर नॅनोटेस्लांच्या आतला असतो. जाणारी आणि परतणारी धारा जवळजवळ असतील तर परिणाम बराच घटतो, परंतु रुळांतून परतणारी धारा जमिनीत पाझरते आणि पूर्ण रद्द होत नाही. वेधशाळा का हलवावी लागली, हे एका ओळीच्या सूत्रातून असे कळते. अशी उदाहरणे स्वतः शोधावीत, ती कोणत्याही गृहपाठात सापडत नाहीत.

फॅरेडेचा नियम

या संपूर्ण विषयात सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून पाहिली, तेव्हा पहिल्या वेटोळ्यात धारा स्थिर असताना दुसऱ्याच्या बाजूची सुई शांत राहिली आणि धारा सुरू वा बंद करण्याच्या क्षणीच ती हलली. प्रवर्तन घडवतो तो बदल, चुंबकत्व स्वतः नव्हे. हे ऐकताना सोपे वाटते. पण पुढील उदाहरण सोडवल्याखेरीज पुढच्या व्याख्यानाकडे जाऊ नये.

शंभर ओहम आणि नऊशे ओहम असे दोन रोध जोडून एक बंद वलय केले आहे. वलयाच्या मधोमध एक नालकुंतल आहे आणि त्यातले चुंबकीय क्षेत्र बदलत असल्याने वलयात एक व्होल्ट विद्युतचालक प्रेरणा (ईएमएफ) निर्माण होते. एकूण रोध हजार ओहम, म्हणून धारा एक मिलिअँपिअर. आता दोन रोध ज्या दोन बिंदूंवर जोडले आहेत तेथेच दोन व्होल्टमीटर लावले, एक शंभर ओहमच्या बाजूने आणि दुसरा नऊशे ओहमच्या बाजूने, तर ते काय दाखवतील? पहिला ०.१ व्होल्ट दाखवतो, दुसरा ०.९ व्होल्ट, आणि तेही उलट चिन्हाने. बिंदू तेच, तरी मोजणी वेगळी. बंद वलयातल्या सर्व विभवांतरांची बेरीज शून्य, हा कर्शॉफचा जो नियम आपण डोळे मिटून वापरत आलो, तो बदलत्या फ्लक्सला वेढणाऱ्या वलयात तसाच लागू होत नाही, कारण तेथे दोन बिंदूंतला विभवांतर हा शब्दच एकमेव अर्थ गमावतो. मोजणी कोणत्या मार्गाने तारा नेल्या यावर ठरते. प्रत्येक व्होल्टमीटरच्या तारांनी होणारे वलय नालकुंतलाला वेढते की नाही, हे आकृतीत रंगीत पेन्सिलीने गिरवून पाहावे. मला हे पटायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत फॅरेडेचा नियम पहिल्यांदा समजला.

प्रवर्तित धारा तिला निर्माण करणाऱ्या बदलाला विरोध करते, हा लेन्झचा नियम. त्यावरून दिशा ठरवताना हातांचे नियम एकमेकांत मिसळतात. त्यावर माझा उपाय असा की आधी वाक्य लिहावे: फ्लक्स कोणत्या दिशेला आहे, तो वाढतो आहे की घटतो आहे, आणि त्याला विरोध करणारे क्षेत्र कोणत्या दिशेचे असेल. ही तीन उत्तरे लिहून झाल्यावरच उजव्या हाताचा अंगठा वापरावा. तोच नियम हाताने अनुभवायचा असेल तर एक मीटर लांबीच्या जाड ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या नळीतून निओडिमियमचे छोटे चुंबक सोडावे. मोकळे सोडलेले चुंबक अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येते. नळीतून ते सावकाश, जणू मधातून उतरावे तसे येते, आणि नळीला कोठेही चिकटत नाही. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि इनॅमलची तांब्याची तार यांतून चालणारी मोटर करून दाखवलेली आहे. तारेच्या एका टोकावरचे इनॅमल अर्ध्याच बाजूने का खरवडायचे, याचे कारण वहीत लिहून मगच ती करावी.

शेवटची व्याख्याने

विद्युत आणि चुंबकत्वाचे नियम एकत्र मांडणाऱ्या मॅक्सवेलच्या समीकरणांपर्यंत पोहोचल्यावर घाई होते, कारण शेवट जवळ दिसतो. येथे एक प्रश्न आधी स्वतःला विचारावा. धारित्र प्रभारित होत असताना तारेभोवती एक वर्तुळ काढले आणि अँपिअरचा नियम (वर्तुळाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र त्यातून जाणाऱ्या धारेवर ठरते) लावला, तर वर्तुळावर ताणलेल्या सपाट पृष्ठातून धारा जाते. तेच पृष्ठ फुग्यासारखे फुगवून धारित्राच्या दोन पट्ट्यांमधून नेले तर त्यातून काहीच धारा जात नाही. वर्तुळ एकच, उत्तरे दोन. या पेचावर मॅक्सवेलने बदलत्या विद्युतक्षेत्राची भर घातली, तिलाच विस्थापन धारा म्हणतात. पट्ट्यांमधले क्षेत्र किती वेगाने बदलते ते काढून ही भर तारेतल्या धारेइतकीच येते, हे स्वतः पडताळावे. गणित चार ओळींचे आहे.

तरंगांवरचे व्याख्यान ऐकण्याच्या आदल्या दिवशी आणखी एक आकडेमोड करावी. विद्युतक्षेत्राच्या सूत्रात येणारा स्थिरांक ८.८५ गुणिले दहाचा उणे बारावा घात आहे, चुंबकीय सूत्रातला १.२५७ गुणिले दहाचा उणे सहावा घात. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढावे आणि एकाला त्याने भागावे. पहिला आकडा प्रभारित वस्तूंमधल्या बलावरून मिळालेला, दुसरा धारा वाहणाऱ्या तारांमधल्या बलाशी जोडलेला, आणि भागाकार सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचा वेग. शिक्षकांनी सांगण्यापूर्वी हा आकडा स्वतःच्या हाताने कागदावर उतरलेला असावा, असे मला मनापासून वाटते.

यानंतर पुढे जायचे असेल तर सदिश कलन शिकून आयआयटी मुंबईचे डी. के. घोष यांची एनपीटीईएलवरील विद्युतचुंबकीय सिद्धांताची मालिका घ्यावी. एनपीटीईएलची व्याख्याने ऐकणे मोफत आहे. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरून केंद्रावर जावे लागते. त्या मालिकेत पहिल्याच टप्प्यावर गाऊसचा नियम डायव्हर्जन्सच्या, म्हणजे एखाद्या बिंदूतून क्षेत्र किती बाहेर पसरते त्याच्या मापाच्या, रूपात पुन्हा येतो, तेव्हा कड्याच्या अक्षावरचे पहिले उदाहरण आणि काठीवर अडलेला तो प्रयत्न असलेले पान उघडून जवळ ठेवावे.